छत्रीचं झबलं

माझ्या अंगावर पडलेलं पहिलं कापड आभाळातून आलेलं होतं. हे मी शाळेत सांगितलं तेव्हा मैत्रिणी हसल्या आणि बाईंनी मला बाकावर उभं केलं. मी उभी राहिले, पण शब्द मागे घेतला नाही. आता सत्तरी उलटून गेली, तरी ती गोष्ट कुणी खोटी म्हटलेली मला खपत नाही.

दादा, म्हणजे माझे वडील, मोठ्या लढाईत छत्रीवाले होते. विमानाच्या दारातून उडी मारायची आणि पाठीवरची छत्री उघडली की तिला लोंबकळत खाली यायचं, असं त्यांचं काम. पॅराशूट हा शब्द आमच्या घरी कुणी वापरत नसे. छत्री म्हणायचे, जणू दाराआडच्या कोपऱ्यात टेकवून ठेवायची वस्तू. ग्वाल्हेरहून त्या पलटणीत गेलेले मराठी लोक बोटांवर मोजण्याइतके. लढाईच्या शेवटी बर्मेत एका सकाळी त्यांनी उडी मारली, आणि एक सोडून सगळे परत आले.

परत येऊन बघतात तर इकडे पायाखालची जमीनच सरकायला लागलेली. संस्थान विलीन झालं. संस्थानची फौज मोठ्या फौजेत मिसळली, काहींना ठेवून घेतलं, काहींना नारळ मिळाला. दादा सरकारी दफ्तरात कारकून झाले. एका काकांनी किल्ला गेटपाशी सायकलींचं दुकान टाकलं, दुसरे सराफ्यात एका पेढीच्या दारावर बंदूक घेऊन बसायला लागले. आणखी दोन-तीन घरं होती, कुणी शाळेत, कुणी पाणीपुरवठ्यात. सगळ्यात धाकटे काका पुजाऱ्यांच्या घरातले. मुलगा लढाईवरून आला तेव्हा त्यांच्या आईने त्यांना आधी अंगणात उभं करून गोमूत्र शिंपडलं आणि मगच पोटाशी धरलं. विमानात कुणाकुणाला शिवला असेल, काय सांगावं! धाकटे काका ही गोष्ट स्वतःच सांगायचे आणि सगळ्यांच्या आधी हसायचे.

जे परत आले नाहीत त्यांची बायको म्हणजे काकू. किल्ला गेटच्या आतल्या गल्लीत एका खोलीत ती राहायची आणि लोकांची शिवणं करायची. तिला मूल नव्हतं. लग्नानंतर नवरा तिच्या वाट्याला आला तोच मुळी सुट्टी-सुट्टीपुरता.

तिचा नवरा उडी मारून सुखरूप खाली उतरला होता. मेला तो नंतर, चिखलातून पुढे जाताना. दादांनी त्याची छत्री गुंडाळून आपल्या सामानात दडवली, जे कुठल्याच नियमात बसत नव्हतं, आणि ग्वाल्हेरला आल्यावर घरी यायच्याही आधी ते गाठोडं काकूच्या पुढ्यात नेऊन ठेवलं. ती रडली नाही म्हणतात. तिने एवढंच विचारलं, "उघडली होती?"

"हो वहिनी," दादा म्हणाले. "चांगली उघडली होती."

त्यानंतरच्या एका थंडीत मी जन्मले. ग्वाल्हेरची थंडी ज्याने सोसली आहे त्याला ती समजावून सांगायला नको, आणि ज्याने सोसली नाही त्याला सांगून उपयोग नाही. तान्ह्या बाळाला आमच्यात नवं कोरं कापड घालत नाहीत. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, कुणीतरी अंगाला लावलेलं असं घालतात, म्हणजे त्या माणसाची ऊब आणि आयुष्य बाळाला लाभतं. आईचं माहेर लांब, सासर नावापुरतं. तिच्या घरात आजीचं लुगडं नव्हतं की आजोबांचं धोतर नव्हतं. काकू आली, तिने पाहिलं, आणि उलट पावली परत गेली. आपल्या पेटीतली छत्री काढून शिवणीवर उसवली, एक पाकळी वेगळी केली आणि दुपारपर्यंत झबलं शिवून आणलं.

आळीतल्या बायकांची कुजबुज सुरू झाली. गेलेल्या माणसाचं कापड, तेही विधवेच्या हातून, आणि घालायचं कुणाला तर बारशाच्या पाळण्यातल्या मुलीला. दादा सहसा बायकांच्या बोलण्यात पडत नसत, पण त्या दिवशी पडले. ज्या माणसाने अर्ध्या आभाळात वर बघून छत्री उघडलेली पाहिली आहे, त्याला तिच्याइतकं शकुनाचं कापड जगात दुसरं वाटत नाही, असं ते म्हणाले. कुजबुज थांबली नाही, पण ती दाराबाहेर गेली.

मी काही मेले-बिले नाही. उलट चांगली गुटगुटीत झाले. मग सायकलवाल्या काकांकडे मुलगा झाला तेव्हा त्यांनी स्वतः येऊन झबलं मागितलं, आणि पुढे तो रिवाजच पडला. छत्रीवाल्यांच्या घरी पाळणा हलला की बारशाला काकू यायची. पिशवीतून झबलं काढायची, बाळाला स्वतःच्या हाताने घालायची, दिवसभर तिथेच राहायची आणि संध्याकाळी ते उतरवून, धुऊन, वाळवून परत न्यायची. झबलं कुणाकडे ठेवून दिलं असं झालं नाही. कुणाच्या हाती पाठवलं असंही नाही.

आता वाटतं, खरं काम झबल्याने केलंच नव्हतं. काकू एका घरून दुसऱ्या घरी जाताना तिकडचं सगळं इकडे घेऊन यायची. सराफ्यातल्या काकांचा गुडघा, सायकलवाल्यांच्या बायकोचे फिट्सचे झटके, कुणाची मुलगी शिवणाच्या परीक्षेत नापास झाली, कुणाच्या घरी नवरा-बायको बोलत नाहीत. पुरुष वर्षातून एकदा, त्या उडीच्या दिवशी, आमच्या गच्चीवर जमायचे, जेवायचे, तीच ती गोष्ट सांगायचे आणि जायचे. बाकी वर्षभर घरं एकमेकांना धरून होती ती काकूच्या पायांवर.

त्या गच्चीवरून किल्ला दिसायचा. मी लहानपणी तिथे उताणी पडून राहायची. उन्हाळ्यात संध्याकाळी आभाळ पांढुरकं होतं आणि किल्ल्याची भिंत त्यात विरघळल्यासारखी दिसते, तेव्हा मला खात्रीने दिसायचं की वरून माणसं उतरताहेत. हळूहळू, आवाज न करता, हातपाय सैल सोडून. दादा, सायकलवाले काका, धाकटे काका. त्यांच्यात एक माणूस असायचा ज्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, आणि तो सगळ्यात शेवटी उतरायचा, कारण त्याला घाई नसायची. आई खालून जेवायला हाक मारायची तोवर ते सगळे अधांतरी असायचे. मी त्यांना तसंच सोडून खाली जायची. कोशिंबिरीत जास्त मीठ पडलंय की काय यावरून आईदादांचं चाललेलं असायचं आणि तेही मला बरंच वाटायचं.

मी दहा-अकरा वर्षांची असताना राज्यं पुन्हा नव्याने आखली गेली. आमचं राज्य मोठ्या राज्यात गेलं आणि राजधानी भोपाळला. शहराच्या लष्कर भागातल्या मंडळींना याचा एवढा राग आला की महाराज बाड्याच्या चौकात दोन माणसं भेटली की दुसरा विषयच नसे. पण रागाने काय होतं? एकेक खातं उठून चाललं होतं. दफ्तरांची लाकडी कपाटं हातगाड्यांवर बांधून स्टेशनाकडे निघायची, त्यांच्या मागे कारकून, कारकुनांच्या मागे त्यांची बायकामुलं आणि ट्रंका. आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुली भोपाळला गेल्या. उरलेल्या आम्ही त्यांच्या जागांवर पाय पसरून बसायचो, पण त्यात मजा नव्हती.

छत्रीवाल्यांतही फाटाफूट झाली. धाकटे काका भोपाळला निघाले. एक काका इंदूरला, एक त्यांच्या भावामागे पुण्याला. दादांचं खातं तेवढं ग्वाल्हेरात राहिलं, तेही किती दिवस ते कुणी सांगेना. निघण्यापूर्वी सगळे आमच्याकडे जमले. त्या दिवसांत काय वाटून घेता येईल आणि काय नाही याचीच चर्चा सगळ्या शहरात चालू होती, त्याचा वास त्यांनाही लागला असावा.

प्रश्न असा पडला की आता बारशांचं काय करायचं. भोपाळला, पुण्याला, इंदूरला वहिनींना कुठे कुठे पळवणार, वय झालं त्यांचं, असं सायकलवाले काका म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात काळजी होती, मी कशाला नाही म्हणू. मग सराफ्यातल्या काकांनी तोडगा काढला. छत्रीचं बाकी कापड पेटीत पडूनच आहे. ते समान वाटून टाकावं. ज्याच्या त्याच्या घरी ज्याचं त्याचं कापड असलं की कुणाला कुणासाठी थांबायला नको. आणि धाकट्यांच्या घरी अजून पाळणा हलायचाय, तेव्हा तयार झबलं त्यांना द्यावं. सगळ्यांना ते एकदम पटलं. वाटणी म्हटली की फौजी माणसाला बरं वाटतं, प्रत्येकाच्या ताटात सारखं पडलं की झालं.

आई म्हणाली, "वाटलंत की संपलं बघा." तिचं कुणी ऐकलं नाही, कारण ती पोळ्या करता करता बोलली.

काकूला विचारलं. तिने कधी कुणाला नाही म्हटलंच नव्हतं. ती म्हणाली, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं घेऊन आली.

कापायचं तर आधी पसरायला हवं. घरात कुठे मावणार? किल्ल्याच्या पायथ्याशी मोकळं मैदान होतं तिथे गेलो. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि उन्हात धग नव्हती. पुरुषांनी गाठोडं सोडलं आणि कडा धरून मागे मागे चालत गेले. कापड येतच राहिलं. मी ते आजवर झबल्याएवढंच पाहिलेलं, त्यामुळे एवढं सगळं त्या पेटीत राहत होतं यावर माझा विश्वास बसेना. मग किल्ल्याच्या बाजूने वारा आला आणि छत्री फुगली.

त्या वेळची एक गोष्ट मला अजून स्वप्नात दिसते. कापड आमच्या डोक्यांवर गेलं आणि आम्ही मुलं त्याच्या खाली होतो. आतला उजेड दुधाळ, सगळ्यांचे चेहरे धुतल्यासारखे. आवाज बंद झाले. कडेला दादा, काका, सगळे हात वर करून कापडाला ओढले जात होते, टाचा उचललेल्या, आणि कुणीही सोडत नव्हतं. त्यांच्या तोंडांवर जे होतं ते मी कधी घरात पाहिलं नव्हतं. मध्यभागी काकू उभी होती. ती वर बघत होती, मान मागे टाकून, डोक्यावरचा पदर खाली घसरलेला, आणि तिला ते कळत नव्हतं. एक पाकळी नव्हती, माझी, तिथून निळं आभाळ दिसत होतं. ती त्या निळ्याकडे बघत होती की कापडाकडे, ते मला सांगता येणार नाही.

मग वारा पडला. सगळं पुन्हा जमिनीवर आलं आणि सराफ्यातल्या काकांनी कात्री काढली.

त्यांनी शिवण-शिवण मोजून, सोनं तोलावं तसं कापलं. एक चिंधी वाया गेली नाही. ज्याचा त्याचा वाटा ज्याच्या त्याच्या हातात, झबलं धाकट्या काकांच्या पिशवीत. काकूने खाली पडलेले धागे वेचून त्यांची गुंडाळी केली, कारण मैदानात गुरं येतात आणि धागा पोटात गेला तर वाईट. मग सगळे आमच्या घरी जेवायला आले. श्रीखंड होतं. पुण्याला निघालेल्या काकांनी तीन वेळा घेतलं.

संध्याकाळी आमच्या वाट्याच्या पाकळ्यांची घडी घालताना आई एकदम थांबली. तिने दादांना विचारलं की वहिनींचा वाटा कुठला. दादा म्हणाले, म्हणजे? आणि मग त्यांनाही कळलं. घरांची मोजणी त्यांनी पाळण्यांवरून केली होती. ज्याच्या घरी मूल आहे किंवा होईल, ते घर. काकूचं घर त्यात आलंच नाही. ज्याची छत्री, त्याच्याच बायकोला एक चिंधी मिळाली नव्हती, आणि इतक्या शहाण्या माणसांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. दादा मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिले.

आई आमची घडी घेऊन तशीच किल्ला गेटला गेली, मी तिच्याबरोबर. काकूने आमच्यापुढे गूळपाणी ठेवलं. घडीला हात लावला नाही. दिलेलं परत घेत नाहीत, म्हणाली. आईने खूप विनवलं, शेवटी रडलीसुद्धा. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला त्या वेळी काकूचा राग आला होता. ओरड ना, म्हणावंसं वाटत होतं, भांड ना एकदा. आजही वाटतं.

पुढे आई म्हणाली तसंच झालं. इंदूरला मुलगी झाली ती आम्हाला बारसं होऊन गेल्यावर कळली, वाटेत रामराम करताना कुणीतरी सहज सांगितली. पुण्याच्या काकांकडे नातू झाला, ती बातमी त्याहून शिळी. सगळ्यांकडे आपापलं कापड होतं, सगळ्यांनी ते रीतसर वापरलं असणार. उडीच्या दिवशी आमच्या गच्चीवर पहिल्या वर्षी चार माणसं आली, पुढच्या वर्षी सायकलवाले आणि सराफ्यातले दोघंच. त्या दोघांची तर कामाला जायची वाटही एकच. दादा गच्चीवर सतरंजी मोठीच घालायचे. त्यावर ते तिघं एका कोपऱ्यात बसायचे.

काकूकडे कुणाच्याच घरची बातमी राहिली नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं काम राहिलं नाही. ती मात्र झपाट्याने म्हातारी झाली. शिवण डोळ्यांना दिसेना. तिचा भाऊ संस्थानच्या नोकरीतून मोकळा झाल्यावर देशावर, साताऱ्याकडे गावी गेला होता. त्याने ये म्हणून कळवलं. काकूचा जन्म ग्वाल्हेरातला. साताऱ्याला तिने पाऊल टाकलेलं नव्हतं, तिकडच्या बायकांचं बोलणं तिला भराभर वाटायचं, आणि भावजयीशी तिचं पहिल्यापासून बेताचंच. पण इथे तरी कोण आहे माझं, असं ती आईला म्हणाली. वाटणीत आमचं घरही होतंच की.

निघायचा दिवस ठरला. आम्ही तिची भांडी पोत्यात भरायला गेलो होतो. मी कढया कागदात गुंडाळत होते, आई पेटीला दोरी बांधत होती. त्या पेटीत आता काही फारसं नव्हतं, ती एका हाताने उचलली जात होती. तेवढ्यात दारात धाकटे काका उभे राहिले. भोपाळच्या गाडीतून उतरून सरळ आलेले, अंगावर कोळशाची काजळी, दाढी वाढलेली. कुणी मेलं की काय असंच आम्हाला वाटलं.

मुलगा झाला होता. लग्नानंतर इतक्या वर्षांनी, सगळ्या देवांना साकडं घालून झाल्यावर, आशा सोडल्यावर. काकूने त्यांची अलाबला घेतली, बोटं मोडली. गूळ शोधायला लागली, तो पोत्यात गेलेला. मग तिने शांतपणे विचारलं की झबलं नीट आहे ना, धुवून ठेवलंय ना, कडेची शिवण एका बाजूला सैल होती. धाकटे काका म्हणाले, चला वहिनी. काकू म्हणाली, मी कशाला येऊ, झबलं आहे तुमच्याकडे.

धाकटे काका मटकन उंबऱ्याशी बसले. ते हसरे गृहस्थ, त्यांना असं बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"वहिनी, कपडा तो बाज़ार में भी मिल जाएगा," ते म्हणाले. मग मराठीत आले. "पोराला घालायला आपलं माणूस पाहिजे. आम्ही येडे, आम्ही कापड वाटून घेतलं आणि माणूस तसंच ठेवून आलो. आईनेच पाठवलंय मला. ती म्हणाली, त्यांना घेतल्याशिवाय येऊन राहिलास तर दार उघडणार नाही."

ही तीच आई, गोमूत्र शिंपडणारी. आमच्या आईला खरं वाटेना. विधवेला बारशाला बोलवायचं आणि तेही पुजाऱ्यांच्या घरी! काकूलाही वाटलं नसावं, कारण तिने दोनदा विचारलं, आईंनी म्हटलं? खरंच आईंनी? धाकटे काका मान हलवत राहिले. काकूने पेटीवरची दोरी सोडली, त्यातून एक धुतलेलं लुगडं काढलं आणि ते पिशवीत घातलं. सातारा काही पंधरा-वीस दिवसांत कुठे पळून जात नाही, म्हणाली.

आईला घर सोडता येईना म्हणून काकूच्या सोबतीला मी गेले. त्या प्रवासाचं मला फारसं आठवत नाही. खिडकीतून बेतवा दिसली, पाणी कमी आणि खडक जास्त. काकू खिडकीशी बसून सगळा वेळ बाहेर बघत होती आणि मधूनच विचारत होती की भोपाळ मोठं आहे का ग.

धाकट्या काकांचं सरकारी बिऱ्हाड नवीन होतं, भिंतींना ओल्या चुन्याचा वास. दारात त्यांची आई बाळ घेऊन उभी होती. सोवळ्यातली, आलवण नेसलेली, म्हणजे तीही विधवाच, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. त्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता म्हातारी काहीतरी शिवाशिवीचं बोलणार. तिने पुढे होऊन बाळ काकूच्या हातात दिलं आणि म्हणाली, "दमला असाल. बसा आधी." मग पाणी आणायला स्वतः आत गेली.

बारशाच्या दिवशी काकूने बाळाला झबलं घातलं. बाळ रडलं नाही. शेजारच्या बायका जमल्या होत्या, घुगऱ्यांचा वास सुटला होता, पाळणा बांधला होता. आता नाव कानात सांगायचं. ते काम आत्याचं, पण धाकट्या काकांना बहीण नव्हती. त्यांची बायको अजून अशक्त होती, भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, नाव काकूंनी सांगायचं. काकूने विचारलं, काय ठेवताय? धाकट्या काकांनी तिच्या कानाशी वाकून सांगितलं.

काकूने पाळण्यावरचा हात काढून घेतला. आमच्या बाजूला बाईमाणूस नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात एकदा लग्नात घेतलं असेल तेवढंच, पुढे सगळा जन्म "हे" आणि "यांना" करत जातो. तो गेल्यावर तर घ्यायचा प्रश्नच येत नाही. काकूने ते नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या आईने नाही, कुणीच नाही. बायका वाट बघत होत्या. एकीने हळूच म्हटलं, घ्या ना आजी. काकूने बाळाच्या आजीकडे पाहिलं. म्हातारीने मान डोलावली.

काकू पाळण्यात वाकली. कुर्रर्र केलं. मग तिने ते नाव बाळाच्या कानात सांगितलं, इतक्या हळू की पाळण्याजवळ उभ्या असलेल्या मलाही ऐकू आलं नाही, ओठ तेवढे हलले. नाव सांगणारीच्या पाठीत बायकांनी धपाटे घालायची पद्धत आहे, पण कुणाचा हात उठेना. शेवटी बाळाच्या आजीनेच पहिला धपाटा घातला, चांगला सणसणीत. मग सगळ्या हसल्या आणि एकच गोंधळ झाला.

जेवणं झाली, बायका गेल्या. दुपारी घर पेंगुळलं होतं. मी पाळण्याजवळ चटईवर आडवी झाले होते आणि अर्धवट झोपेत मला कुणीतरी हाक मारताना ऐकू येत होतं. डोळे उघडून पाहिलं तर काकू पाळण्याची दोरी धरून बसली होती. ती बाळाला नावाने हाक मारत होती. काही काम नव्हतं, काही सांगायचं नव्हतं. थोडा वेळ थांबायची आणि पुन्हा हाक मारायची, आता स्पष्ट, जरा मोठ्याने, मग लाडाने, मग पोराने काही खोडी केल्यासारखं दटावून.

बाळाची आजी दारातून म्हणाली, "अहो, झोपू द्या आता त्याला."

"हो," काकू म्हणाली. "आणखी एकदाच."